चपट्या चाकाची नऊ गाणी

आप्पा, तुम्ही गेल्याला तीस वर्षं होऊन गेली आणि इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं मला एकदाही वाटलं नाही. आता वाटलं, आणि तेही एका भिकार गाण्यांच्या अल्बमपायी. तुमच्या नातीचं लग्न ठरलंय. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, तुमच्या माघारी पाच-सहा वर्षांनी झाली ती. इंजिनियर आहे, शिरूर तालुक्यातल्या एका कारखान्यात असते. शिरूरचाच मुलगा तिनं पसंत केलाय. मुलगा सरळ आहे, त्याच्या घरची माणसं शेवंती-झेंडू करतात, घरी गेलं की आधी पाणी देतात आणि मग बोलतात, म्हणजे कशालाच नावं ठेवायला जागा नाही. जागा आहे ती एका गोष्टीत. लग्नाच्या आदल्या दिवशी आता ‘संगीत’ असतं. तुमच्या वेळी हळद असायची, ती असतेच, तिच्या डोक्यावर हे. संगीत म्हणतात पण गात कुणीच नाही, सगळे नाचतात. आणि तुमच्या नातीची माझ्याकडं एकच मागणी आहे, की त्या दिवशी स्टेजवर बापानं तिच्याबरोबर नाचायचं. “तीनच मिनिटं पप्पा, परत काही मागणार नाही,” म्हणाली. गाणंही तिनंच ठरवलंय, त्या अल्बममधलं चौथं.

अल्बम कसला ते सांगतो. नऊ गाणी आहेत. कुणी परदेशातली बाई गाते, म्हणजे गाते असं आपलं म्हणायचं. तिचा आवाज यंत्रातून असा काही गाळून काढलाय की गाडी किती मिनिटं उशिरा येतेय हे सांगणारी फलाटावरची बाई हिच्यापेक्षा जिवंत वाटावी. पेटी नाही, ढोलकी नाही, फुंकून वाजवायचं एक वाद्य नाही. कुणाचा हात भरून आला नाही की कुणाला दम लागला नाही. कुणीतरी खुर्चीत बसून बटणं दाबून हे सगळं केलेलं असणार, आणि दाबता दाबता तो दुसऱ्या हातानं काहीतरी खात असणार असा मला दाट संशय आहे. शब्द इंग्रजी. पहिल्या गाण्याचा अर्थ विचारला तर नात म्हणाली, “ती म्हणतीये, आजच्यापुरतं सगळं सोड आणि नाच.” दुसऱ्याचा? “तेच, पण थोडं दुःखात.” तिसऱ्याचा मी विचारलाच नाही. आणि नऊच्या नऊ गाण्यांच्या तळाशी एकच ठोका. ठप, ठप, ठप, ठप. कमी नाही, जास्त नाही, चुकत नाही, थकत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, “अगं, ह्याला फ्लॅट टायर हाय.” तिला काही कळलं नाही. तिला वाटलं पप्पांनी गाडी पंक्चर असल्याचं काहीतरी सांगितलं.

तुम्हाला कळेल, कारण हे कान तुम्हीच मला दिलेत. शाळेला सुट्टी असली की तुम्ही मला दौंडच्या फलाटाच्या टोकाला न्यायचात. गाडी आत येतेय, तुम्ही रुळाच्या कडेला उकिडवे बसलाय, मान जरा कलती, नजर चाकांवर, पण खरं काम कानांचं. ब्रेक लागून लागून चाकाचा एक तुकडा घासतो, तिथं चाक चपटं होतं आणि मग दर फेऱ्याला रुळावर आपटतं. अख्ख्या गाडीच्या गोंगाटातून तुम्ही तेवढा एक ठोका वेचून काढायचात. “म्होरनं सातवा, मागली जोडी,” असं नुसतं पुटपुटायचात आणि गाडी थांबली की खडूनं त्या डब्यावर लिहायचात, ‘सिक’. आजारी. मग तो डबा गाडीतून बाजूला काढायचा. बाकीच्या चाकांना हातोडा मारत तुम्ही गाडीच्या शेवटापर्यंत जायचात आणि मी मागं मागं. चांगलं चाक खणखणीत वाजायचं, तडा गेलेलं बसकं. तुम्ही नोकरीत असतानाच गेलात, तुमच्या जागी मला लावून घेतलं, आणि त्याच टोकाला मी आज बसतो. आता रुळाच्या कडेला यंत्रं आलीत चाक तपासायला, तरी आम्ही बसतोच. तर ज्या आवाजाला तुम्ही दोष म्हणून खडू मारलात आणि तुमच्यानंतर मी मारला, त्या आवाजावर आता लोक हात वर करून नाचतात. पैज लावून सांगतो, तुम्ही तो अल्बम जागच्या जागी सिक केला असता.

नावं ठेवायची तर नीट ठेवावीत म्हणून मी तो सगळा ऐकला. एकदा नाही, पुष्कळदा. कामाला जाताना, दाढी करताना, केडगावला मेहुण्याकडं डेमू गाडीनं जाताना. त्यातली करामत काय ती मी शोधून काढली आहे आणि ती इतकी फालतू आहे की सांगायला लाज वाटते. ठोका चालू असतो. मग अचानक तो काढून घेतात. बाई एकटी उरते, मागं नुसता वारा सुटल्यासारखा आवाज. आता येईल, आता येईल म्हणून आपण बसतो. गाडी आउटरला थांबते तेव्हा बसतो तसं, दौंड समोर दिसतंय, पिशव्या घेऊन माणसं दारात उभी आहेत आणि सिग्नल काही मिळत नाही. वारा वाढत जातो, बाईचा आवाज चढत जातो, आणि एकदम ठोका परत येतो. तोच. त्यात नवं काही नसतं. आणि तरी तो आला की छातीतून काहीतरी सुटल्यासारखं होतं. बस, एवढंच. माणसाकडची वस्तू काढून घ्यायची, त्याला थोडं तंगवायचं आणि त्याचीच वस्तू त्याला बक्षीस म्हणून द्यायची. नऊ गाण्यांत हे नऊ वेळा करतात. मी चौथ्यांदा ऐकतानाही फसलो, आणि फसतोय हे कळत असताना फसलो, ह्याचा मला जास्त संताप आहे.

नातीला मी स्पष्ट विचारलं, की बाई गं, तुला ह्यात आवडतं तरी काय. तिनं उत्तर दिलं ते तुम्हाला सांगतो, कारण ते मूर्खपणाचं नव्हतं. म्हणाली, “पप्पा, आमच्या लाइनवर मशीनचा ठोका असतो. आठ तास त्या ठोक्यावर माणसं हात चालवतात, आन् मी ते चालतात का बघत उभी असते. सुटल्यावर बसमध्ये हे लावलं की तसलाच ठोका, पण आता तो मला कायच सांगत नाही. काम कर म्हणत नाही. मग अंग आपलं वाटतं.” मी म्हटलं, “म्हंजी दिवसभर गुऱ्हाळात फिरल्याल्या बैलानं सांजच्याला परत गुऱ्हाळाभवती फेर धरायचा. बैलाला तरी तेवढी अक्कल हाय.” ती हसली नाही. फोनवर थोडा वेळ कारखान्याचा भोंगा ऐकू येत राहिला आणि मग ती म्हणाली, जेवलात का.

ह्या गाण्यांनी माझं काय केलं तेही ऐका. मागल्या आठवड्यात मी आणि माझ्या जोडीचा माणूस टोकाला बसलो होतो, मालगाडी आत येत होती. मधल्या एका वाघिणीचं चाक चपटं होतं, ठप, ठप, ठप, आणि मी ऐकतोय, छान ऐकतोय, पण माझ्या हातातला खडू खालीच. जोडीदार म्हणाला, “दादा, मान कशापायी हालवताय?” मी मान हलवत होतो, आप्पा. गुडघाही. त्या चपट्या चाकावर मी ताल धरला होता आणि आता मध्येच हा ठोका काढून घेतील म्हणून वाट बघत होतो. लगेच उठलो, गाडी थांबल्यावर जाऊन ती वाघीण दाखवली, खडू मारला, सगळं रीतसर केलं. पण तुम्ही त्या जागी असता तर माझ्याकडं बघून काही न बोलता पुढं गेला असतात आणि ते बोलण्यापेक्षा वाईट झालं असतं. तुमच्याकडून शिकलेले कान एका बटणं दाबणाऱ्यानं दोन महिन्यांत बिघडवले.

आता मुख्य गोष्ट. नाचायला नाही म्हणायचं तर मला कारण पाहिजे होतं. गुडघे दुखतात म्हटलं असतं तर तिनं गोळ्या पाठवल्या असत्या. म्हणून मी तुमचं नाव पुढं केलं. मी तिला सांगितलं, “मी नववीत असताना वरातीत नाचलो, तर आप्पांनी भर रस्त्यात कानफटात मारली. तवापासनं न्हाई नाचलो. आता म्हातारपणी काय नाचू?” “सॉरी पप्पा, मला माहीत नव्हतं,” म्हणाली. तुमच्या सूनबाई शेजारी भाजी निवडत होत्या, त्यांनीही माझ्याकडं असं बघितलं की जन्मात पहिल्यांदाच माझी कीव आली असावी. मला बरं वाटलं. तुम्ही आयुष्यात माझ्यावर हात उगारला नाहीत हे सांगायला आता साक्षीदार कोण उरलाय? तुम्ही आणि मी. तुम्ही तर बोलणार नाही.

खरं काय झालं ते आपल्या दोघांनाही माहीत आहे, पण ते मी आजवर शब्दांत मांडलेलं नाही, तर मांडतो. कॉलनीतल्या एका पोराच्या थोरल्या भावाची वरात होती, दुपारची चारची वेळ. बँडवाले घामाघूम होऊन वाजवतायत, आम्ही पोरं पुढं नाचतोय. माझ्या अंगात नवा शर्ट आहे, वऱ्हाडात पुण्याहून आलेली एक-दोन पोरं आहेत, त्यांच्याशी माझी नुकतीच ओळख झालीय आणि ते मला पुष्कळ मोठं वाटतंय. तुम्ही ड्यूटी संपवून समोरून येताय. निळे कपडे, त्याच्यावर वंगणाचे डाग, कपाळावर काळं, काखेत हातोडा. मला वाटलं तुम्ही कडेनं निघून जाल. तुम्ही थांबलात, आम्हाला बघून हसलात आणि सरळ मध्ये शिरलात. एक हात वर केलात. त्या पुण्याच्या पोरांतल्या एकानं मला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, “हा कोण रे?” आणि मी म्हणालो, “काय म्हाईत.” मग मी गर्दीतून बाजूला झालो. तुम्ही मान वळवून मला शोधत होता तेवढं मी बघितलं. संध्याकाळी घरी तुम्ही विचारलंत, “मधीच कुठं गेला रं?” मी म्हटलं, पोटात दुखत होतं. तुम्ही उठलात, आईला न सांगता स्वतः स्टोव्ह पेटवलात, पाण्यात ओवा आणि सैंधव घालून उकळलंत आणि मी सगळं पिईपर्यंत पातेलं हातात धरून स्वयंपाकघरात उभे राहिलात. मी ते कडू पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. तेव्हापासून मात्र खरंच मी कधी नाचलो नाही, ह्यात खोटं काही नाही.

चार दिवस ते खोटं चाललं. पाचव्या दिवशी नातीचा फोन. “पप्पा, मी लई विचार केला. असं झालंय ना तुमच्यासोबत, मग तर तुम्ही नाचायलाच पाहिजे.” माझ्याच हातानं मी माझी वाट बंद केली. हो म्हणालो. म्हणून ह्या रविवारी केडगाव-चौफुल्यावरून, न्हावऱ्यामार्गे गाडी मारत शिरूरला गेलो, तालमीला. संगीताची तालीम असते आप्पा, आणि ती शिकवायला पुण्याहून एक मुलगी येते. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरवर डोक्याएवढे स्पीकर लावून तसलंच काहीतरी ठपठपत होतं, म्हणजे सुटका कुठंच नाही. मंगल कार्यालयात माझे व्याही, त्यांचे भाऊ, विहीणबाई, सगळे एका रांगेत उभे, आणि ती मुलगी टाळ्या वाजवत ओरडतेय, “अंकल, स्माईल! फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट!” पाच-सहा-सात-आठच का, एकदोन कुठं गेले, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. व्याही उन्हातान्हात फुलं तोडणारा माणूस, त्याचे हात आकाशात बल्ब बसवत असल्यासारखे फिरत होते. “आवो, चांगलं चाललंय का माजं?” त्यांनी मला हळूच विचारलं. मी म्हटलं, “एक नंबर.” तिथं सगळेच एकमेकांशी खोटं बोलत होते आणि सगळ्यांना ते चालत होतं.

मग ती मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “अंकल, तुमची स्टोरी ऐकली. गूजबम्प्स आले. तुमच्या एंट्रीला मी हे माइकवरून बोलणार आहे, बघा.” आणि तिनं मोबाइलमधून वाचून दाखवलं, की ज्या पावलांना एका कठोर वडिलांनी मारून थांबवलं, ती पावलं आज लेकीसाठी पुन्हा उठतायत. मागं वारा सुटल्याचा आवाज, मग अंधार, मग माझ्यावर उजेड, मग ठोका. ती जी करामत मी तुम्हाला सांगितली, तीच. आधी काहीतरी काढून घ्यायचं आणि मग परत द्यायचं. ह्या वेळी काढून घ्यायला तुम्ही होता. तुमची नात तिच्या शेजारी उभी राहून डोळे पुसत होती. “सगळे रडतील बघा, पप्पा.” चारशे माणसं येणार आहेत, आप्पा. दौंडची येणार आहेत. तुमच्याबरोबर नोकरी केलेली दोन म्हातारी माणसंही येणार आहेत, त्यातला एक अजून तुमचं नाव काढताना कानाच्या पाळीला हात लावतो. त्यांच्यापुढं माइकवर तुम्ही मारकुटे होणार, आणि लोक टाळ्या वाजवणार.

मी नातीला बाहेर घेऊन गेलो. कार्यालयाच्या मागं, पातेली घासायची जागा असते तिथं. आतून ते चौथं गाणं भिंतीतून नुसतं ठपठपत होतं. मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, “काय म्हाईत” सकट. मला वाटलं होतं ती चिडेल, नाहीतर रडेल, आणि काही वेळ मला दोन्हीपैकी काहीतरी हवंच होतं. ती नळाखाली कुणीतरी पालथ्या घातलेल्या मोठ्या झाऱ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “मंजे मी ह्या डान्सवाल्या मुलीला काय सांगून बसलेय.” आणि मग, “तुम्हाला माझी लाज वाटती का, ह्या नाचामुळं?” मी म्हटलं, “न्हाई गं.” “मग आजोबांचीच का वाटली?” तिनं उत्तराची वाट बघितली, ते येत नाही असं बघून पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात केला, अगदी तिच्या आईसारखा, आणि विचारलं, “आजोबा नाचायचे कसे?”

“मला काय ठावं,” असं मी म्हणणारच होतो. मी निघून गेलो होतो ना. तिला तसंच सांगितलं होतं, इथंही मघाशी तसंच लिहिलं, की गर्दीतून बाजूला झालो. ते वाक्य तोंडात तयार होतं आणि ते मी गिळलं, कारण ते दुसरं खोटं झालं असतं. पातेल्यांच्या मधे उभा राहिलो. डावा हात काखेत घट्ट दाबून धरला, कारण तुम्ही हातोडा खाली ठेवला नव्हतात, सरकारी माल रस्त्यावर ठेवायचा नाही म्हणून. उजवा हात खांद्याच्या वर, मूठ अर्धी उघडी. दोन पावलं पुढं, एक मागं, मागं येताना टाच आपटायची. डोळे मिटलेले. आणि मधेच, ताल कुठंही असो, एक उडी, जी कशातच बसत नव्हती. आत तो ठोका चालूच होता. तुमचं नाचणं त्या ठोक्यावर बसलं, आप्पा. नाही, ते भिकार गाणं तुमच्या नाचण्यावर बसलं असं म्हणतो, तेवढा मान तुम्हालाच देतो. नात बघत होती. मग तिनं डावा हात काखेत दाबला.

माइकवरचं ते बोलणं तिनं रद्द करायला लावलं. ती मुलगी नाराज आहे. नाच होणार आहे. अल्बमबद्दल माझं मत आहे तेच आहे, नऊच्या नऊ गाणी टाकाऊ आहेत, चौथं त्यातल्या त्यात कमी. हे पत्र कुठं टाकायचा प्रश्नच नाही. लिहून झालं की फाडणार आहे, कारण सूनबाई माझ्या कागदांत हात घालतात. पण फाडायच्या आधी तेवढं एक लिहून ठेवतो, नातीला सांगितलं नाही ते. त्या दिवशी मी लांब गेलोच नव्हतो. वरातीच्या मागं मंडपाचं सामान भरलेला एक टेम्पो होता, त्याच्याआड उभा राहून मी वरात कॉलनीबाहेर पडेपर्यंत तुम्हाला बघत होतो. तुम्ही मला शोधायचं थांबवून एकटेच नाचत होता. आणि तिथं लपून उभा होतो तेव्हा माझेही पाय हलत होते.